चार इंजिनांचा मेळ

(बिद्री येथे साखर कारखान्यातील तंत्रज्ञ व परिसरातील तंत्रशिक्षणाचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बिद्रीच्या परिसरात रात्रंदिवस एक अखंड घरघर ऐकू येऊ लागते. कोल्हापूर-गारगोटी मार्गावरून जाणाऱ्या नवख्या प्रवाशाला तो केवळ गोंगाट वाटतो. परंतु दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात हंगामामागून हंगाम काढलेल्या कामगाराला त्या घरघरीतील एकेक सूर ओळखता येतो. चरकाच्या टर्बाइनवर उसाचा भार वाढला, वाफेचा दाब थोडा उतरला, एखादे यंत्र आपल्या नेहमीच्या गतीवरून किंचित ढळले, की मापयंत्राचा काटा हलण्यापूर्वीच त्याचा कान टवकारतो. यंत्राच्या आवाजातील हा सूक्ष्म बदल आणि त्यामागचे गतीचे नियमन हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. मात्र ज्या यंत्रांविषयी येथे विवेचन करावयाचे ती जमिनीवर पक्की बसविलेली नसून आकाशात उडणाऱ्या विमानाच्या पंखांवर बसविलेली असतात. चार टर्बोप्रॉप इंजिने असलेल्या विमानात चारही प्रॉपेलर एका गतीने, एका मेळाने कसे फिरविले जातात आणि त्यासाठी चौघांपैकी एका इंजिनाला प्रमुख का नेमावे लागते, हा तो प्रश्न होय.

वरवर पाहता साखर कारखान्याचा आणि या प्रश्नाचा काही संबंध दिसत नाही. परंतु वीजघरात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तो नवा नाही. बगॅसवर चालणाऱ्या सहवीजनिर्मितीमुळे कारखाने आपली गरज भागवून उरलेली वीज राज्याच्या वीजजाळ्याला देऊ लागले, तेव्हापासून समकालन हा शब्द वीजघराच्या नित्याच्या बोलण्यात आला. चालत्या जाळ्याला नवे जनित्र जोडावयाचे असेल तर दाब जुळला एवढ्यावर भागत नाही. कंप्रता जुळावी लागते आणि लाटेची स्थिती, म्हणजे कला, हीदेखील जुळावी लागते. समकालदर्शकाचा काटा जोरात फिरत असेल तर गती जुळलेली नाही. तो सावकाश, जनित्र किंचित जलद असल्याच्या दिशेने फिरू लागला म्हणजे गती जवळ आली. आणि काटा बाराच्या ठिकाणी येत असता नेमक्या क्षणी ब्रेकर लावला म्हणजे जनित्र हिसका न बसता जाळ्यात सामील होते. हा क्षण चुकला तर केवढा धक्का बसतो आणि त्याचा मार जोडणीवर, दंडावर व गुंडाळ्यांवर कसा पडतो, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे त्यांना निराळे सांगण्याची गरज नाही.

एकदा जोडले गेले म्हणजे मात्र जनित्र आपोआप गतीने बांधले जाते. चार ध्रुवांचे जनित्र ५० हर्ट्झच्या जाळ्यावर मिनिटाला १,५०० फेरेच करील. वाफ वाढविली तर त्याची गती वाढत नाही, फक्त ते अधिक भार उचलते. विद्युत्-चुंबकीय बंधन त्याला निसटू देत नाही. विमानाच्या चार प्रॉपेलरांमध्ये असे कोणतेच बंधन नसते. चार दंड निराळे, चार इंजिने निराळी, मध्ये फक्त हवा आणि पंखाची धातूची चौकट. त्यांना एका गतीत बांधून ठेवण्याचे काम सर्वस्वी नियंत्रकाने करावयाचे असते. विमानातील समकालनाची खरी अडचण येथे आहे.

या जातीच्या विमानांचा इतिहास फार जुना नाही. ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीच्या व्हायकाउंट विमानाने १६ जुलै १९४८ रोजी पहिले उड्डाण केले आणि २९ जुलै १९५० रोजी लंडन ते पॅरिस अशी टर्बोप्रॉप विमानाची पहिली प्रवासी फेरी झाली. रोल्स-रॉइस डार्ट जातीची चार इंजिने असलेले हे विमान इतके सुखकर होते की टेबलावर नाणे उभे करून ठेवले तरी ते पडत नाही, अशी त्याची जाहिरात केली जाई. भारतात इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनने १९५७ मध्ये व्हायकाउंट सेवेत आणले आणि मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर त्या विमानांचा सूर परिचयाचा झाला. डाकोटाच्या पिस्टन इंजिनांच्या खडखडाटाची सवय झालेल्या प्रवाशांना तो फरक फार मोठा वाटला असल्यास नवल नाही. पुढे गोव्याच्या दाबोळी येथील आय.एन.एस. हंसा तळावर १ ऑक्टोबर १९७७ रोजी नौदलाचे ३१५ क्रमांकाचे पथक स्थापन झाले व त्याच्याकडे इल्युशिन-३८ ही चार टर्बोप्रॉप इंजिनांची सागरी टेहळणीची विमाने आली. सुमारे शेहेचाळीस वर्षे अरबी समुद्रावर पहारा केल्यानंतर ऑक्टोबर २०२३ अखेर ती निवृत्त झाली. हवाई दलात २०११ पासून सी-१३० जे सुपर हर्क्युलिस विमाने दाखल झाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांपैकी एक लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे १६,६१४ फूट उंचीवरील धावपट्टीवर उतरले, ही घटना अनेकांच्या स्मरणात असेल.

हर्क्युलिसच्या आधीच्या पिढीचे उदाहरण घेतले तर आकडे स्पष्ट होतात. त्याच्या प्रत्येक इंजिनाचा दंड मिनिटाला १३,८२० फेरे करतो. दंतचक्रांच्या पेटीतून ही गती साडेतेरा पटींनी खाली आणली जाते आणि प्रॉपेलर मिनिटाला सुमारे १,०२० फेरे करतो. चरकाच्या टर्बाइनची हजारोंची गती उतरवून रोलरला मिनिटाला काही थोडे फेरे देणाऱ्या पेटीची आठवण येथे होणे साहजिक आहे. साडेतेरा फूट व्यासाच्या त्या प्रॉपेलरच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २२० मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ७९० किलोमीटर वेगाने फिरत असते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावयास हवा. मोटारीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढतात, म्हणून विमानातही वैमानिकाने दांडी पुढे केली की प्रॉपेलर अधिक जोराने फिरत असावा, असे बहुतेकांना वाटते. या प्रकारच्या टर्बोप्रॉपमध्ये उड्डाणकाळात तसे होत नाही. दांडी पुढे केली म्हणजे इंधन वाढते, इंजिनाची शक्ती वाढते आणि त्या क्षणी प्रॉपेलरची पाती आपल्या मुळाशी किंचित वळून अधिक तिरपी होतात. अधिक तिरपी पाती हवेचा मोठा घास घेतात, वाढलेली शक्ती त्यात खर्ची पडते आणि फेरे मात्र तेच राहतात. दांडी मागे घेतली की पाती उलट वळतात. वीजघरातील टर्बाइन १,५०० फेऱ्यांवर अढळ राहून वाफेच्या प्रमाणात भार उचलते, तसाच हा प्रकार आहे.

पात्यांचा कोन सतत बदलत ठेवण्याचे काम गव्हर्नर करतो. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर दोन लोंबते गोळे बसवून गती आवरण्याची युक्ती योजिली, तिचेच हे वंशज. गती वाढली की फिरती वजने केंद्रापासून बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला दाबतात, त्यामुळे तेलाची झडप सरकते आणि दाबाखालील तेल पात्यांना वळविते. गती घटली की स्प्रिंग जिंकते व उलट क्रिया होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८७० मध्ये पाणचक्क्यांच्या गव्हर्नरपासून सुरुवात केलेल्या वुडवर्ड या कंपनीने पुढे विमानांच्या प्रॉपेलरचे गव्हर्नर केले आणि तिचेच गव्हर्नर आपल्याकडील वाफेच्या टर्बाइनांवर सर्रास बसविले गेले. हे नाव ज्यांनी टर्बाइनशेजारच्या पेटीवर वाचले असेल त्यांनी विमानाच्या प्रॉपेलरचा एक सख्खा भाऊ पाहिला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा की, चारही प्रॉपेलरांना स्वतंत्र गव्हर्नर आहेत आणि चारही १,०२० फेऱ्यांवर लावलेले आहेत, तर मग मेळ आपोआपच का बसू नये? याचे उत्तर गव्हर्नरच्या अचूकतेच्या मर्यादेत आहे. कोणत्याही दोन स्प्रिंगा तंतोतंत सारख्या नसतात. तेलाचे तापमान निराळे, झडपांची झीज निराळी. एक प्रॉपेलर १,०२० फेरे करतो तेव्हा शेजारचा १,०१४ करतो. शेकडा अर्ध्याहून थोडी अधिक एवढी ही तफावत. वीजघरात कोणी तिला चूक म्हणणार नाही. पण तिचा परिणाम काय होतो तो पाहावा.

चार पात्यांचा प्रॉपेलर मिनिटाला १,०२० फेरे करतो, म्हणजे सेकंदाला १७ फेरे. प्रत्येक फेऱ्यात चार पाती विमानाच्या अंगाजवळून जातात, म्हणून सेकंदाला ६८ वेळा हवेच्या दाबाचा ठोका विमानाच्या पत्र्यावर बसतो. शेजारचा प्रॉपेलर १,०१४ फेरे करीत असेल तर त्याचे ठोके सेकंदाला ६७.६ होतात. दोन्ही ठोके काही काळ एकत्र पडतात, मग हळूहळू विलग होतात, पुन्हा एकत्र येतात. हे चक्र दर अडीच सेकंदांनी पुरे होते. विमानात बसलेल्या माणसाला आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो असे वाटते. पायाखालची फळी त्याच तालात थरथरते. शास्त्रीय परिभाषेत यालाच विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळविताना जोडाच्या दोन तारा अगदी जवळ आल्या पण एक झाल्या नाहीत की जो डोलणारा आवाज येतो तो हाच. तारा जसजशा जुळत जातात तसतसे ते डोलणे मंदावत जाते आणि शेवटी थांबते. वादक कानाने जे करतो तेच विमानात प्रदीर्घ काळ वैमानिकाने कानाने केले.

पूर्वीच्या काळी चार इंजिनांच्या विमानात एका इंजिनाची गती प्रमाण धरून बाकीच्यांच्या दांड्या एकेक करून केसभर पुढे-मागे सरकविल्या जात. फेरेदर्शक घड्याळांचा आधार असे, परंतु शेवटचा निर्णय कानच देई. दिवसा आणखी एक युक्ती वापरात होती. वैमानिकाच्या आसनावरून आतल्या फिरत्या प्रॉपेलरमधून पलीकडच्या प्रॉपेलरकडे पाहिले म्हणजे दोन्ही पात्यांच्या एकमेकांवर पडणाऱ्या सावलीसारखा एक पट्टा दिसतो. गती जुळत नसेल तर तो पट्टा एका दिशेला सरकत राहतो; गती जुळली की तो जागच्या जागी थांबतो. समकालदर्शकाचा काटा आणि हा सरकता पट्टा यांत तत्त्वाचा भेद काही नाही. पण पाच-सहा तासांच्या उड्डाणात हवेचे तापमान बदलते, उंची बदलते, शक्ती कमीजास्त करावी लागते आणि प्रत्येक वेळी जुळविलेला मेळ बिघडतो. माणसाने सारा वेळ याच कामात गुंतून राहावे हे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून हे काम यंत्राकडे सोपविण्यात आले.

हे काम यंत्राकडे सोपविताना पहिला प्रश्न उभा राहिला तो प्रमाण कोणाचे धरावयाचे हा. चार इंजिनांपैकी प्रत्येकाला इतर तिघांशी जुळवून घेण्यास सांगितले तर काय होईल, याचा अनुभव वीजघरातही घेता येतो. जाळ्यापासून तुटून कारखाना आपल्याच विजेवर चालू असेल आणि दोन टर्बाइन समांतर असतील, तर दोन्ही गव्हर्नर अचल गतीवर ठेवले जात नाहीत. तसे केल्यास एक थोडा पुढे जातो, दुसरा त्याला आवरू पाहतो, भार इकडून तिकडे लोटला जातो आणि दोघांत ओढाताण लागते. म्हणून एकाला कंप्रता सांभाळण्याचे काम दिले जाते आणि दुसऱ्याला, भार वाढला की किंचित नमते घेणाऱ्या गतीवर ठेवले जाते. दिंडीत वीणेकरी एकच असतो. टाळकरी शंभर असले तरी ठेका त्याच्याकडून घेतात. विमानाच्या रचनाकारांना हेच करावे लागले. काही जुन्या रचनांमध्ये इंजिनांपासून अलग अशी एक छोटी विद्युत मोटर प्रमाण म्हणून ठेवीत व सर्व इंजिने तिच्याशी ताडून पाहत. नंतरच्या रचनांमध्ये प्रत्यक्ष एका इंजिनालाच प्रमुख नेमण्याची पद्धत रूढ झाली आणि इतर तीन त्याची अनुगामी ठरली.

प्रत्येक प्रॉपेलरच्या फिरत्या भागावर एक लहानसे चुंबक आणि स्थिर भागावर एक वेटोळे बसवितात. फेऱ्यागणिक चुंबक वेटोळ्यासमोरून जाते आणि विजेचा एक स्पंद निर्माण होतो. प्रमुख इंजिनाचा स्पंद केव्हा आला आणि अनुगामी इंजिनाचा केव्हा आला, यांतील अंतर समकालक यंत्र मोजते. अनुगामी मागे पडत असेल तर त्याच्या गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण एक लहान मोटर किंचित वाढविते. पुढे जात असेल तर कमी करते. या साऱ्यासाठी लागणारी नजर किती बारीक असावी? १,०२० फेऱ्यांच्या गतीने प्रॉपेलर एका सेकंदात ६,१२० अंश फिरतो. म्हणजे एका अंशाची चूक ओळखण्यासाठी सेकंदाचा सुमारे सहा हजारावा भाग मोजता आला पाहिजे. संगणकपूर्व काळात निर्वात नलिका व पुढे ट्रान्झिस्टर यांच्या साहाय्याने हे साधले गेले, हे विसरता कामा नये.

गती जुळली तरी काम संपत नाही. दोन प्रॉपेलर नेमक्या एका गतीने फिरू लागले की आवाजाचे डोलणे थांबते. पण त्यांची पाती एकमेकांच्या तुलनेत कोणत्या कोनात आहेत यावर स्थिर आवाज मोठा राहील की लहान, हे अवलंबून असते. चारही प्रॉपेलरांची पाती एकाच क्षणी विमानाच्या अंगाजवळून गेली तर चौघांचे ठोके एकत्र पडून पत्र्यावर मोठा आघात होईल. ती ठरावीक अंतराने गेली तर एकाचा दाब दुसऱ्याच्या दाबाला काही अंशी खोडून काढतो. म्हणून प्रमुखाच्या तुलनेत प्रत्येक अनुगामीने किती अंश पुढे वा मागे राहावे, हे प्रत्यक्ष चाचणीत निरनिराळे कोन लावून, विमानाच्या आत कंप मोजून ठरविले जाते. या टप्प्याला कलामेळ म्हणता येईल. चौघांनी एकाच क्षणी टाळी वाजविणे येथे अपेक्षित नाही. चौघांनी ठरलेल्या मात्रेवर वाजवावी, हे अपेक्षित आहे.

प्रमुख म्हणून कोणते इंजिन निवडावयाचे? विमानात इंजिनांची गणना वैमानिकाच्या डावीकडून होते : डाव्या टोकाचे पहिले, त्याच्या आतले दुसरे, उजवीकडील आतले तिसरे आणि उजव्या टोकाचे चौथे. हर्क्युलिसच्या जुन्या आवृत्त्यांत प्रमुखाच्या निवडीची कळ फक्त तीन स्थानांची असे : दुसरे इंजिन, बंद आणि तिसरे इंजिन. पी-३ ओरायन या टेहळणी विमानातही तीच पद्धत आढळते. पहिल्या व चौथ्या इंजिनाला प्रमुखपद मिळत नाही. आतली दोन इंजिने विमानाच्या अंगाच्या सर्वांत जवळ असतात व आतल्या माणसांना जाणवणाऱ्या आघाताचा मोठा वाटा त्यांचा असतो, ही गोष्ट लक्षात घेतली तर या रचनेचे औचित्य पटते. टेहळणी विमानांच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालताना इंधन वाचविण्यासाठी ओरायनमध्ये बाहेरचे पहिले इंजिन बंद ठेवण्याचा प्रघात होता. जे इंजिन गरज पडताच थांबवावयाचे, त्याच्या हाती मेळाची सूत्रे देणे शहाणपणाचे ठरले नसते.

दुसरे आणि तिसरे यांपैकी कोणते, हा निर्णय मात्र विमानातील माणसावर सोडलेला असे आणि तो बहुधा फ्लाइट इंजिनिअर घेई. याबाबत नवशिक्याची समजूत अशी होते की सर्वांत जोरकस इंजिन प्रमुख करावे. वस्तुतः जोराचा येथे काही संबंध नाही. ज्याची गती सर्वांत कमी डगमगते ते इंजिन प्रमुख व्हावयास योग्य. प्रमुखाची गती हेलकावे खाऊ लागली तर तिन्ही अनुगामी इमानाने तेच हेलकावे खातील. अशा वेळी एक प्रॉपेलर बिघडला असता चारही बिघडल्यासारखे भासतात. म्हणून चारही एकदम डोलू लागले तर अनुभवी इंजिनिअर प्रथम निवडीची कळ दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरवी. तिघे शांत झाले व एकच डोलत राहिला तर दोष जुन्या प्रमुखात. चारही डोलतच राहिले तर दोष अन्यत्र शोधावयाचा. दोषशोधनाची इतकी सोपी व इतकी खात्रीची रीत क्वचितच सापडते.

याहून गंभीर प्रश्न असा की प्रमुख इंजिन अकस्मात बंद पडले तर काय? अनुगामींनीही त्याच्यामागे गती घटवीत जावे काय? रचनाकारांनी या संकटाचा विचार मुळातच केलेला असतो. अनुगामीच्या गव्हर्नरवर समकालक यंत्राला फक्त थोड्या टक्क्यांच्या मर्यादेत अंमल चालविता येतो. त्या मर्यादेपलीकडे प्रमुख भरकटला तर अनुगामी त्याची साथ सोडतात व आपापल्या यांत्रिक गव्हर्नरच्या हुकमतीखाली राहतात. समकालक यंत्र सर्वस्वी निकामी झाले तरी फार तर आवाज डोलू लागेल. प्रॉपेलरची गती सुटणार नाही. प्रमुखाला मान दिला, पण विमानाचे प्राण त्याच्या हाती दिले नाहीत, असे या योजनेचे वर्णन करता येईल. लहान दोन इंजिनांच्या कित्येक विमानांत तर उड्डाण आणि अवतरण या वेळी समकालक बंदच ठेवण्याचा नियम असे. जमीन जवळ असता एका इंजिनाच्या दोषाची छाया दुसऱ्यावर किंचितही पडू नये, हा त्यामागचा हेतू.

ही सावधगिरी अनाठायी नाही. स्पेनमधील सेव्हिल शहराजवळ ९ मे २०१५ रोजी ए-४०० एम हे चार टर्बोप्रॉप इंजिनांचे नवे कोरे मालवाहू विमान चाचणी उड्डाणात कोसळले आणि आतील सहांपैकी चौघे मृत्यू पावले. त्या विमानातील समकालनाचा यात दोष नव्हता. परंतु झाले ते असे : इंजिनांच्या संगणकांमध्ये आज्ञावली भरताना पिळाचे मोजमाप लावणारी माहिती तीन इंजिनांच्या बाबतीत पुसली गेली. त्यामुळे आकाशात उठल्यावर त्या तीन इंजिनांनी वैमानिकाच्या दांडीला योग्य तो प्रतिसाद देणे सोडले. विमानाला चार इंजिने देण्यामागील सारा हिशेब असा असतो की एक बिघडले तर तीन उरतील, कारण चौघांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एकच चूक एकाच वाटेने तिघांपर्यंत पोहोचली तेव्हा तो हिशेब कोलमडला. चार यंत्रांना एका सूत्रात बांधणाऱ्या प्रत्येक योजनेकडे रचनाकार संशयाने का पाहतात, हे या दुर्घटनेवरून समजते. समकालकाच्या अंमलाला घातलेले ते टक्क्यांचे कुंपण या संशयाचेच फळ आहे.

एवढी जोखीम सांभाळून मेळ साधण्याचा खटाटोप केवळ प्रवाशांच्या सुखासाठी नाही. सतत कंप पावणारा धातू शिणतो. हातातली तार वारंवार वाकविली की ती तुटते, तसेच पत्रे, रिव्हेट, नळ्यांच्या जोडण्या आणि उपकरणांचे आधार यांना सूक्ष्म भेगा पडतात. १० जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात के.सी.-१३० टी विमानाच्या दुसऱ्या प्रॉपेलरचे एक पाते उड्डाणात निखळले, ते विमानाचे अंग भेदून आत शिरले आणि सोळा जण प्राणास मुकले. त्या पात्याच्या मुळाशी गंजाचा खड्डा होता. दुरुस्तीच्या वेळी तो काढून टाकावयास हवा होता, तो तसाच राहिला आणि त्यातून भेग वाढत गेली. येथेही समकालनाला जबाबदार धरता येणार नाही. परंतु सेकंदाला सतरा फेरे घेणाऱ्या पात्यात नखाएवढ्या दोषाला किती महत्त्व असते, हे त्यावरून दिसते. ज्या यंत्रात प्रत्येक ठोका मोजला जातो तेथे अनावश्यक ठोके कमी करणे हा देखभालीचाच भाग ठरतो.

आणि माणसाचे काय? टेहळणी विमानातील कर्मचाऱ्यांचे काम मुख्यतः ऐकण्याचे व पाहण्याचे. पाण्यात टाकलेल्या ध्वनिग्राहक तरंड्यांकडून येणाऱ्या क्षीण आवाजात पाणबुडीच्या प्रॉपेलरची चाहूल शोधावयाची, तीही आठ-दहा तास. ज्याला समुद्राखालील एका प्रॉपेलरचे ठोके ओळखावयाचे आहेत, त्याच्या पायाखाली स्वतःच्या विमानाचे चार प्रॉपेलर बेताल डोलत असतील तर त्याच्या कानांची व मनाची अवस्था काय होईल, याची कल्पना करता येते. साखर कारखान्याच्या चरकघरात संपूर्ण पाळी काढलेल्या कामगाराला घरी गेल्यावरही कानात घरघर ऐकू येते. त्याला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

नव्या विमानांत या व्यवस्थेचे रूप पालटले आहे. सी-१३० जे विमानात सहा पात्यांचे प्रॉपेलर आले. तेच १,०२० फेरे धरले तर आता ठोके सेकंदाला १०२ झाले. इंजिन आणि प्रॉपेलर यांचे नियमन संगणकाकडे गेले, समकालन आपोआप होऊ लागले आणि फ्लाइट इंजिनिअरचे आसनच काढून टाकण्यात आले. ए-४०० एम विमानात प्रत्येक पंखावरील दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. क्यू-४०० या दोन इंजिनांच्या विमानात तर विमानाच्या चौकटीवर लहान कंपक बसवून प्रॉपेलरच्या कंपाविरुद्ध उलटा कंप निर्माण केला जातो. या क्षेत्राशी भारताचा संबंध केवळ विमाने विकत घेण्यापुरता राहिलेला नाही. सी-१३० जे विमानांच्या शेपटाकडील भागांची बांधणी हैदराबाद येथे होते आणि तेथून ते भाग अमेरिकेतील जुळणीला जातात. वडोदरा येथे सी-२९५ या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या विमानाच्या जुळणीचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला.

बिद्रीच्या विद्यार्थ्याला टर्बोप्रॉप पाहण्यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या विमानतळावर उडान योजनेखाली एटीआर-७२ जातीची दोन इंजिनांची विमाने उतरू लागली. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर उभे राहून त्या विमानाचा आवाज कान देऊन ऐकला तर विस्पंद ऐकू येतात की नाही, येत असल्यास किती सेकंदांनी, हे साध्या घड्याळावर मोजता येईल. पात्यांची संख्या ठाऊक असली म्हणजे दोन प्रॉपेलरांच्या गतीत मिनिटाला किती फेऱ्यांचा फरक आहे, तेही काढता येईल : एका मिनिटात जितके विस्पंद पडतील त्यांना पात्यांच्या संख्येने भागावे. सहा पात्यांच्या प्रॉपेलरमध्ये दर पाच सेकंदांनी आवाज फुगत असेल तर मिनिटाला बारा विस्पंद झाले, म्हणजे फरक दोन फेऱ्यांचा. हीच रीत कारखान्यात शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन सारख्या पंख्यांना लावून पाहता येते. गळीत हंगाम चालू असेपर्यंत त्यासाठी विमानतळावर जाण्याचीही गरज नाही.